तीनशे बारा लिफ्ट आणि चिमणीची एक ओळ

माझ्या सासूबाई कित्येक वर्षं शेजारीपाजारी सांगत होत्या, की आमची चिमणी एका कर्नलच्या हाताखाली काम करते. "फार कडक आहे म्हणे," त्या सांगायच्या. "एक अक्षर इकडचं तिकडे झालं तरी सगळं काम बंद पाडतो. पोरगी दिवसदिवस त्याच्यापुढे डोकं धरून बसते." हे सगळं त्यांनी चिमणीच्याच तोंडून ऐकलेलं होतं आणि त्यातला शब्द न् शब्द खरा होता. फक्त तो कर्नल माणूस नव्हता, कॉम्प्युटरच्या पोटातला मूळ प्रोग्रॅम होता; इंग्रजीत त्यालाही 'कर्नल'च म्हणतात. आम्ही हे एकदा त्यांना नीट समजावून सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाल्या, "म्हणजे लग्नाचं जमण्यासारखं तिथेही काही नाही."

चिमणी म्हणजे माझी धाकटी नणंद. जन्मली तेव्हा दीड किलोची होती, म्हणून चिमणी. पुढे तिने त्या नावाचा चांगलाच सूड घेतला. आज सत्तेचाळीस वर्षांची आहे, उंची जवळपास सहा फूट, आणि आमच्या बाथरूमच्या चौकटीवर तिच्या कपाळासाठी आम्ही फोमची पट्टी चिकटवलेली आहे. वरच्या खोलीत राहते. बोलते कमी, आणि जे बोलते ते ऐकून समोरच्याला वाटतं, हिने अजून कमी बोललं असतं तर बरं झालं असतं.

ती एका लिफ्ट बनवणाऱ्या कंपनीत आहे. लिफ्टच्या वर, यंत्रखोलीत, एका पत्र्याच्या पेटीत छोटा कॉम्प्युटर असतो. दार लागलं का, मोटर फिरवू का, कुठे थांबू, हे तो ठरवतो. त्या कॉम्प्युटरचा कर्नल चिमणी सांभाळते. मी लग्न होऊन आले तेव्हा तिला विचारलं होतं, "कर्नल म्हणजे नेमकं काय गं?" ती म्हणाली, "मशीन चालू झालं की सगळ्यात आधी उठतो, सगळ्यांना लागेल ते हातात देतो, कोणी कोणाच्या पायात पाय घालणार नाही हे बघतो आणि सगळ्यात शेवटी झोपतो. त्याची आठवण फक्त बिघडलं की होते."

"म्हणजे मी," मी म्हटलं.

तेव्हापासून आमचं बरं जमतं.

आता मुख्य गोष्ट. पेन्शन चालू राहावी म्हणून दर वर्षी सासूबाईंना सरकारी कचेरीत जाऊन आपण जिवंत आहोत असं सिद्ध करावं लागतं. त्या वर्षी मी बरोबर गेले होते. सहा मजली इमारत, पेन्शनचा विभाग चौथ्यावर. तिथल्या कारकुनाने सासूबाईंकडे बघितलं, कागदाकडे बघितलं, पुन्हा सासूबाईंकडे बघितलं आणि म्हणाला, "पाचव्यावरून शिक्का आणा."

म्हणून आम्ही लिफ्टमध्ये शिरलो. आत लिफ्टमन होता. खाकी शर्ट, पांढऱ्या मिशा, स्टुलावर बसून बटणं दाबायची पद्धत अशी की जणू जहाज हाकतोय. सगळी इमारत त्याला कप्तान म्हणायची. दार लागलं, एक हिसका बसला आणि लिफ्ट थांबली. चौथ्या मजल्याच्या जेमतेम वीतभर वर.

"झालं," कप्तान म्हणाला आणि खिशातून पेपर काढला.

"काय झालं?" मी विचारलं.

"चौथ्यावरून वर जाताना होतं असं. पाऊण तास धरा."

मी भिंतीवरचा फोन उचलला. एका गोड आवाजाने सांगितलं, की माझा कॉल त्यांच्यासाठी महत्त्वाचा आहे. हे तिने एकोणीस वेळा सांगितलं. मग मी माझ्या फोनवरून थेट चिमणीला लावला, कारण आतल्या पत्र्यावर तिच्याच कंपनीचं नाव होतं.

"चिमणे, तुमच्या डब्यात अडकलोय आम्ही. आई आहेत बरोबर."

"कितव्यावरून निघालात?"

"चौथ्यावरून वर. अगं, आई—"

"आधी हिसका बसला की आधी दिवा बदलला?"

"आईंना घाम फुटलाय!"

"हो, पण आधी काय झालं?"

मी फोन ठेवला. तोवर सासूबाईंनी परिस्थिती स्वतःच्या हातात घेतली होती. लिफ्ट वीतभरच वर असल्यामुळे दाराच्या फटीतून बाहेरचं ऐकू येत होतं, आणि बाहेर तोच कारकून मजा बघायला आला होता.

"अहो, शिक्केवाले!" सासूबाई ओरडल्या. "माझा आवाज ऐकू येतोय ना?"

"येतोय, आजी."

"मग लिहून टाका, जिवंत आहे."

"समक्ष लागतं, आजी."

"याहून समक्ष काय होऊ? तुमच्या डोक्यावर उभी आहे!"

बावन्न मिनिटांनी मेकॅनिक आला, वर जाऊन पेटी बंद-चालू केली, आणि लिफ्ट काही घडलंच नाही अशा थाटात पाचव्यावर गेली. शिक्का घेऊन खाली येईपर्यंत खिडकी बंद व्हायची वेळ झाली होती. कारकून म्हणाला, उद्या या. सासूबाई म्हणाल्या, "आज मी आहे हे तुम्ही कानांनी ऐकलंय. तुमच्या लिफ्टमधून जा-ये करून उद्याची मी खात्री देत नाही." त्यांच्यामागे रांगेतली चौदा माणसं हसली. दाखला त्याच दिवशी मिळाला.

संध्याकाळी चिमणी घरी आली तेव्हा सासूबाई खुर्चीत ताठ बसून वाटच बघत होत्या.

"तुझी लिफ्ट," त्या म्हणाल्या.

"माझी नाही. दाराचा प्रोग्रॅम दुसऱ्या टीमकडे आहे. त्यांनी गेल्या वर्षी काहीतरी नवीन केलंय, गाढवांनी."

हे तिचं वाक्य मी मुद्दाम लिहून ठेवते आहे.

दुसऱ्या दिवशी तिने ऑफिसात चौकशी केली. गेल्या वर्षभरात वेगवेगळ्या गावांतून अशा चौसष्ट तक्रारी आल्या होत्या. सर्व्हिस विभागाचे प्रमुख, एक गोल, प्रसन्न गृहस्थ, यांनी चौसष्ट तक्रारींना एकच उत्तर दिलं होतं: "सेन्सरवर धूळ. साफ केली." पाठीमागे त्यांना सगळे धूळकाका म्हणत. चिमणीने त्यांना विचारलं, "काका, एकदा तरी आत काय होतंय ते बघितलं का?"

"बघितलं की," धूळकाका म्हणाले. "तीन इमारतींत, आतला कॉम्प्युटर काय करतोय ते सांगणारे सगळे मेसेज चालू केले. मेसेज चालू असले की लिफ्ट अडकतच नाही. सोन्यासारखी चालते. म्हणून चालूच ठेवले."

"आणि?"

"पाच आठवड्यांनी मेमरी भरली आणि तिन्ही कायमच्या बंद पडल्या. पण अडकल्या नाहीत हं एकदाही."

चिमणीचे साहेब म्हणजे आणखी एक रत्न. कुठलीही अडचण सांगा, ते म्हणत, "होईल, होईल." त्यांचं नावच होईलसाहेब पडलं होतं. चिमणीने त्यांना सांगितलं, की मला दोन दिवस ती कचेरीतली लिफ्ट पाहिजे, लोकांसाठी बंद ठेवून. साहेब म्हणाले, "होईल, होईल," आणि काहीच केलं नाही. मग चिमणीने स्वतः जाऊन इमारतीच्या मुख्य अधिकारी बाईंची सही आणली. बाई स्वतः दोनदा अडकल्या होत्या, त्यामुळे सही चटकन मिळाली.

मला शाळेला सुट्टी होती. मी भूगोल शिकवते, म्हणजे वर-खाली, उत्तर-दक्षिण एवढं मला कळतं. चिमणी म्हणाली, "वहिनी, येतेस का? कोणीतरी फेऱ्या मोजायला पाहिजे. आमच्या ऑफिसातल्यांना मोजायला सांगितलं तर ते आधी त्याचा प्रोग्रॅम लिहायला बसतील."

तर त्या दिवशी सकाळी नऊला आम्ही तिघं कामाला लागलो. चिमणी वर यंत्रखोलीत, मांडीवर लॅपटॉप, डोकं छताला लागतंय म्हणून मान वाकडी. कप्तान लिफ्टमध्ये. मी चौथ्यावर, दारासमोर खुर्ची टाकून, वहीत रेघा मारत. कप्तानाने चौथ्यावरून पाचव्यावर जायचं, परत यायचं, परत जायचं. चिमणीने त्यालाच आधी विचारलं होतं, कधी अडकते, किती वेळा. तो म्हणाला, "बाई, वर्षभरात मला हे विचारणाऱ्या तुम्ही पहिल्या. तीस-चाळीस फेऱ्यांत एकदा. फक्त चौथ्यावरून, आणि फक्त वर. धूळ काय मजले मोजून बसते होय?"

पहिल्या तासातच दोनदा अडकली. मग चिमणीने सगळे मेसेज चालू केले आणि दीडशे फेऱ्या झाल्या तरी एकदाही अडकली नाही.

"धूळकाका बरोबर सांगत होते," मी जिन्यातून वर ओरडले.

"तेच तर वाईट आहे!" वरून आवाज आला.

चहाला खाली आली तेव्हा तिने मला सांगितलं. कर्नलमध्ये प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी जागोजागी मेसेजच्या ओळी पेरून ठेवलेल्या असतात. 'इथवर आलो', 'दार लागलं', 'मोटरला सांगितलं', असल्या. त्यांच्या कर्नलमध्ये अशा दोन हजार तीनशे ओळी होत्या. एरवी सगळ्या गप्प असतात. कोणाला बोलतं करायचं ते एका कंट्रोल फाइलमध्ये लिहायचं: अमुक फाइल, अमुक फंक्शन, अमुक नंबरची ओळ. लगेच तेवढीच ओळ बोलू लागते. मशीन बंद करायला नको, प्रोग्रॅम बदलायला नको.

"मग सगळ्या चालू केल्या की लिफ्ट नीट का चालते?"

"कारण प्रत्येक मेसेज एका बारीक वायरीवरून अक्षर-अक्षर बाहेर जातो. तो जाईपर्यंत पुढचं काम खोळंबतं. म्हणजे कुठेतरी कोणीतरी घाई करतंय आणि त्या खोळंब्यामुळे ती घाई झाकली जाते. मला मेसेज वाचायचेच नाहीत, वहिनी. मला एवढंच शोधायचंय की कुठला मेसेज चालू असला की चूक दिसेनाशी होते."

आमच्या शाळेत इन्स्पेक्शनच्या दिवशी सगळे वर्ग शांत असतात, हे मला आठवलं. पण मी बोलले नाही. तिला उपमा आवडत नाहीत.

मग तिने एकेक करून चाळायला सुरुवात केली. आधी सगळे बंद करून फक्त मोटरच्या फाइलमधले मेसेज चालू केले. बाविसाव्या फेरीला अडकली. कप्तानाने आतून दारावर टकटक केली, मी वर हाक मारली, तिने पेटी बंद-चालू केली. मोटर संशयातून सुटली. मग फक्त दाराच्या फाइलमधले. दीडशे फेऱ्या, एकदाही नाही.

"दार," चिमणी जिन्यावरून वाकून म्हणाली. चेहऱ्यावर दुसरी टीम तावडीत सापडल्याचा आनंद होता.

दाराच्या फाइलमध्ये एक्केचाळीस ओळी. त्यातल्या अर्ध्या चालू केल्या, अडकली. म्हणजे हव्या त्या उरलेल्या अर्ध्यांत. त्या अर्ध्यांचे अर्धे. दुपार झाली. माझ्या वहीत रेघांचं जंगल झालं. येणारे-जाणारे थांबून बघायचे. एका गृहस्थाने विचारलं, "काय चाललंय?" मी म्हटलं, "लिफ्ट अडकायची वाट बघतोय." त्यांना हे सरकारी कामच वाटलं असावं, कारण मान डोलावून ते जिन्याने गेले. कारकून दर तासाला येऊन "अडकली का?" असं आशेने विचारायचा.

दुसऱ्या दिवशी पाच ओळी उरल्या, मग दोन. साडेतीनच्या सुमारास चिमणीने फक्त एक ओळ चालू केली आणि कप्तानाने दोनशे फेऱ्या मारल्या. नाही अडकली. तीच एक ओळ बंद केली. अठराव्या फेरीला अडकली. पुन्हा चालू, पुन्हा बंद. चार वेळा करून बघितलं. खेळण्यासारखं झालं होतं.

मी आनंदाने जिना चढून वर गेले. म्हटलं, आता ही हसेल. चिमणी लॅपटॉपकडे बघत बसली होती. हसत नव्हती.

"सापडली ना?"

"सापडली."

"मग?"

तिने लॅपटॉप माझ्याकडे फिरवला. इंग्रजी ओळींच्या गर्दीत एक मेसेज मात्र इंग्रजी अक्षरांत लिहिलेला मराठी होता. 'दार लागलं एकदाचं. निघा आता.'

जगात असा मेसेज लिहिणारं माणूस एकच आहे. अकरा वर्षांपूर्वी, कंपनीत नवी होती तेव्हा, दाराचा पहिला प्रोग्रॅम चिमणीनेच लिहिला होता. नंतर तो दुसऱ्या टीमकडे गेला आणि तिच्या डोक्यातून पार पुसला गेला.

चूक साधी होती. दार लागताना कुलपातला विजेचा संपर्क क्षणभर थरथरतो: लागलं, नाही लागलं, लागलं. तो स्थिर होईपर्यंत थांबायला हवं. चिमणीने तिथे थांबायची सूचना लिहिलीच नव्हती. त्याऐवजी तिथे तिचा हा विनोदी मेसेज होता आणि तो बाहेर जाईपर्यंत थरथर आपोआप थांबायची. पहिली दहा वर्षं बाकीचे मेसेज गप्प असले तरी हा एक कायम चालू होता, म्हणून कोणाला काही कळलं नाही. गेल्या वर्षी नवीन प्रोग्रॅम भरताना दुसऱ्या टीमने शहाणपणा करून तोही बंद केला. त्यात त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. आणि चौथ्या मजल्यावर पेन्शनमुळे सगळ्यात जास्त ये-जा, म्हणून तिथलं कुलूप सगळ्यात झिजलेलं, सगळ्यात जास्त थरथरणारं. वर निघायचा हिसका बसला की ते पुन्हा हलायचं. कॉम्प्युटरला वाटायचं, दार उघडलं. थांब.

"गाढवांनी," मी म्हटलं. मला राहवलंच नाही.

"हो," ती म्हणाली. "गाढवीण. एकवचन."

ती बराच वेळ यंत्रखोलीतून खाली आली नाही. कप्तानाने मला विचारलं, बाई रडतायत का? मी म्हटलं, नाही, त्यांना डोकं वर करायला जागा नाही. पण मला माहीत होतं. परत जाताना बसमध्ये ती खिडकीबाहेर बघत एकच वाक्य बोलली, "आईच्या जागी एखादा दम्याचा माणूस असता तर?"

होईलसाहेबांना तिने दुसऱ्या दिवशी सगळं सांगितलं. साहेब खूश झाले. "मग ती एक ओळ चालूच ठेवा ना! एकच मेसेज, मेमरीही भरणार नाही. होईल, होईल."

"सर, तो उपाय नाही. ती माझी चूक आहे आणि तिच्यावर टाकलेलं पांघरूण आहे. वायर बदलली, कॉम्प्युटर वेगवान आला, की पुन्हा अडकेल."

"तेव्हा बघू. आणि हे बघा, मॅडम, शुक्रवारी त्या अधिकारी बाईंसमोर मीटिंग आहे. तिथे आपण धूळ म्हणणार आहोत."

"आपण?"

"तुम्ही फक्त बसा. तुमचं नाव पुढच्या महिन्यात चीफ इंजिनियरसाठी जातंय, लक्षात आहे ना?"

लक्षात होतं. घरात सगळ्यांच्याच लक्षात होतं. सासूबाईंनी तर कर्नल रिटायर होऊन चिमणीला त्याची जागा मिळणार, असं शेजारी सांगूनही टाकलं होतं. गुरुवारी संध्याकाळी चिमणी त्या चौसष्ट तक्रारी छापून घेऊन घरी आली आणि जेवणाच्या टेबलावर एकेक वाचायला लागली. एक शाळामास्तर दीड तास अडकले होते. एका बाईंचं दूध पिणारं बाळ वरच्या मजल्यावर आणि त्या आत. एकाने लिहिलं होतं, 'मी मुलाखतीला चाललो होतो. पोहोचलो तेव्हा मुलाखत संपली होती. ही मुलाखत आपल्याच कंपनीत होती.' ही तक्रार ऐकून माझा नवरा खो-खो हसला, मग कागद हातात घेऊन त्याने तो खालपर्यंत वाचला. खाली धूळकाकांची सही होती: 'सेन्सरवर धूळ. साफ केली.'

सासूबाई सगळं ऐकत होत्या. दोन तक्रारी त्यांनी पुन्हा वाचायला लावल्या.

"काय करू?" चिमणीने विचारलं. नेमकं कोणाला, ते कळलं नाही.

"मला काय विचारतेस?" सासूबाई म्हणाल्या. "मी आत होते तेव्हा तू मला विचारलंस, आधी काय झालं. 'कशी आहेस' असंही विचारलं नाहीस. तुला खरं काय ते कळल्याशिवाय चैन पडत नाही, आणि आता कळलंय तर माझ्याकडे बघतेस. जेव."

शुक्रवारच्या मीटिंगचा वृत्तांत मला कप्तानाकडून मिळाला. अधिकारी बाईंनी त्यालाही बोलावलं होतं, हे त्याने मला नंतर तीन वेळा सांगितलं. होईलसाहेबांनी पडद्यावर धुळीचे कण मोठे करून दाखवले. रंगीत होते. मग चिमणी उभी राहिली. इतकी उंच बाई उभी राहिली की सगळे बघतातच.

"धूळ नाही," ती म्हणाली. "माझी चूक आहे. अकरा वर्षांपूर्वीची." आणि पाच मिनिटांत सगळं सांगितलं, थरथरणाऱ्या कुलपापासून त्या मेसेजपर्यंत. मेसेज काय होता तेही वाचून दाखवलं. कोणी हसलं नाही.

अधिकारी बाईंनी पेन खाली ठेवलं. "हा प्रोग्रॅम अजून कुठे आहे?"

"फक्त इथे," साहेब म्हणाले.

"तीनशे बारा लिफ्टमध्ये," चिमणी म्हणाली.

कप्तान म्हणतो, नेमका त्याच वेळी त्याला बाहेरच्या लिफ्टचं दार लागल्याचा आवाज आला, आणि त्याने सवयीने श्वास रोखला.

बाईंनी विचारलं, "दुरुस्ती किती मोठी आहे?"

"एक ओळ. थांबायची. दहा मिनिटं लागतात. पण प्रत्येक ठिकाणी जाऊन भरावी लागेल, आणि नीट चालते का ते दोनशे फेऱ्या मारून बघावं लागेल."

"मग जा," बाई म्हणाल्या. "सुरुवात माझ्याकडून करा. त्या दोनशे फेऱ्यांत मी बसणार."

आणि त्या बसल्या खरंच. फाइली घेऊन आल्या, कप्तानाच्या शेजारी दुसरं स्टूल टाकलं आणि दुपारभर चौथा-पाचवा-चौथा करत सह्या करत राहिल्या. कप्तान सांगतो, त्या इमारतीत इतकी कामं एका दिवसात आधी कधी निघाली नव्हती.

चीफ इंजिनियरचं पद धूळकाकांना मिळालं. हे मी गंमत म्हणून सांगत नाही, खरंच मिळालं. कंपनीचं म्हणणं, ते ग्राहकांशी चांगलं बोलतात. चिमणीला पत्र आलं, की आपल्या सचोटीची नोंद घेतली आहे, आणि सोबत सात महिन्यांची बदली, सर्व्हिसच्या गाडीतून गावोगाव. राहिलेल्या तीनशे अकरा लिफ्ट.

पहिला महिना ती वैतागलेली होती. मला फोनवर सांगायची, यंत्रखोल्या कोणासाठी बांधतात, मांजरांसाठी? एका ठिकाणी शिडीचं वरचं पाऊलच नव्हतं. एका ठिकाणी पेटीत पालीने संसार थाटला होता. आणि रोज दोनशे फेऱ्या. पण हळूहळू आवाज बदलला. इतकी वर्षं तिने लिफ्टचं पोटच बघितलं होतं, आत उभी राहणारी माणसं कधी बघितली नव्हती. एका लिफ्टमन बाईने तिला ऐकवून दाखवलं, की झिजलेलं कुलूप लागताना वेगळा आवाज येतो, दाताखाली खडा आल्यासारखा. तीन महिन्यांनी चिमणीला तो ऐकू यायला लागला. नवीन प्रोग्रॅममध्ये आता थरथर जास्त वाढली की मेसेज आपोआप जातो, 'कुलूप बघा'. साध्या, कोरड्या शब्दांत.

मुलाखत चुकलेल्या त्या माणसालाही तिने फोन केला होता. माफी मागितली आणि म्हणाली, अजून इच्छा असेल तर मी शब्द टाकते. तो म्हणाला, "नको हो मॅडम. मी आता एका ठिकाणी जिना बनवणाऱ्यांकडे आहे. फार सुखात आहे."

होईलसाहेब एकदा भेटले मला, दुकानात. म्हणाले, "तुमच्या नणंदेने उगाच ओढवून घेतलं. एक ओळ चालू ठेवली असती तर काय बिघडलं असतं?" मी म्हटलं, "काहीच नाही, फक्त लिफ्ट." ते हसले. त्यांना तो विनोद वाटला.

तीनशे बारावी लिफ्ट एका छोट्या गावातल्या चार मजली कापड बाजारात होती. चिमणीने प्रोग्रॅम भरला, खाली आली आणि फेऱ्या मारायला लागली. वर, खाली, वर, खाली. तिसाव्या फेरीला तिथल्या पहारेकऱ्याची नजर तिच्यावर गेली. चाळिसाव्याला तो दारात येऊन उभा राहिला.

"बाई, तुम्हाला कुठल्या मजल्यावर जायचंय?"

"कुठल्याच नाही," चिमणी खरं तेच म्हणाली.

पहारेकऱ्याने तिला नखशिखान्त न्याहाळलं, आणि उंची बरीच असल्यामुळे त्याला जरा वेळ लागला. मग दार हाताने अडवून तो अदबीने म्हणाला, "मग उतरा की. लोकांना जाऊ द्या."

उरलेल्या एकशे साठ फेऱ्या तिने बाजार बंद झाल्यावर त्यालाच आत घेऊन मारल्या. त्याने आधी कधी लिफ्टने प्रवासच केला नव्हता. दार लागलं की दर वेळी तो भिंत घट्ट धरायचा, आणि दर वेळी चिमणी त्याला सांगायची, "काही होत नाही. थांबून निघते आता."